अंगावरून वारं गेल्यानंतर : व्यवसायोपचाराची ओळख

मोहोळ, पंढरपूर, बार्शी या आपल्या भागात 'पक्षाघात' हा शब्द फक्त दवाखान्याच्या कागदावर आढळतो. बोलताना आपण 'अंगावरून वारं गेलं' असेच म्हणतो. शब्द जुना आहे, अर्थही सर्वांना कळतो. पण या शब्दाने एक नुकसान होते. वारं बाहेरून आले असे मानले, की ते उतरवणारा माणूस शोधणे सुरू होते. मग कोणी गावठी औषधाला गाडी करून नेतो, तर कोणी कबुतराचे रक्त अंगाला चोळतो. बुद्धाचा कार्यकारणभाव मानणाऱ्या आपल्या समाजातही हे प्रकार पूर्णपणे थांबलेले नाहीत, हे मान्य केले पाहिजे.

वस्तुतः हा आजार हातापायांचा नसून मेंदूचा आहे. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या नलिकेत गुठळी अडकते किंवा ती नलिका फुटते. त्यामुळे मेंदूच्या तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटून तेथील पेशी मरू लागतात. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूवर आणि उजवा भाग डाव्या बाजूवर ताबा ठेवतो, म्हणून अपाय एका बाजूला आणि लुळेपणा दुसऱ्या बाजूला अशी स्थिती होते. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ही त्याची नेहमीची कारणे आहेत आणि आपल्या बायाबापड्यांची मिश्री ही तंबाखूच होय. तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, जीभ जड होणे यांपैकी काहीही अचानक दिसले तर वेळ न घालवता १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि त्याआधी मेंदूचा फोटो काढून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. सोलापूरला पोहोचायला लागणारा वेळही त्या साडेचार तासांतच धरावा.

एवढे आता बऱ्याच जणांना माहीत झाले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्यापुढचा आहे. जीव वाचला, सलाईन निघाले, रुग्ण घरी आला. पुढे काय?

पुढे बहुधा असे होते. बाहेरच्या खोलीत बाज टाकली जाते. पाहुणे बिस्किटांचे पुडे घेऊन येतात आणि 'आता काही करू नका, आराम करा' असे सांगून जातात. घरची माणसे मायेने घास भरवतात, अंगात सदरा घालतात, पाणी तोंडाला लावतात. म्हाताऱ्या माणसाने आयुष्यभर कष्ट केले, आता आपण करायचे, अशी त्यामागची भावना असते आणि ती खोटी नसते. परंतु या मायेचा परिणाम रुग्णाच्या मेंदूवर उलटा होतो. मेंदूचा मेलेला भाग परत जिवंत होत नाही हे खरे. तरी त्याच्या शेजारचे व दुसऱ्या बाजूचे भाग त्याचे काही काम उचलू शकतात. ते आपोआप उचलत नाहीत. एखादे काम पुन्हा पुन्हा, हेतूने, स्वतः करावे लागते, तेव्हा मेंदूत त्याची नवी वाट पडते. पहिल्या तीन महिन्यांत ही वाट सर्वांत लवकर पडते. पुढे वेग मंदावतो, तरी सहा महिन्यांनंतरही सुधारणा होऊ शकते. नेमके हेच पहिले महिने आपण रुग्णाला आरामात घालवायला लावतो. न वापरलेला हात वापरायचाच नसतो, असे मेंदू शिकून बसतो आणि जे थोडेफार बळ परत आलेले असते तेही वाया जाते.

रुग्णाला त्याची रोजची कामे पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून जे शास्त्र आहे त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. मराठीत 'व्यवसायोपचार' असा शब्द रूढ आहे. हा शब्द ऐकला की लोकांना वाटते, रुग्णाला काही धंदा किंवा नोकरी शिकवत असतील. येथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभरात ज्या ज्या कामात गुंततो ते सर्व. दात घासणे हा व्यवसाय, नाडी बांधणे हा व्यवसाय आणि खुरपे धरणे हाही व्यवसायच. फिजिओथेरपिस्ट प्रामुख्याने स्नायूंचे बळ, सांध्यांची हालचाल, तोल व चालणे यांकडे पाहतो. व्यवसायोपचार तज्ज्ञ त्या बळाचे रूपांतर कामात कसे होईल ते पाहतो, आणि बळ पुरेसे येणार नसेल तर कामाची पद्धत, वस्तू किंवा घर कसे बदलावे ते सांगतो. रुग्णाला दोघेही लागतात. आपल्याकडे मात्र पहिल्याचे नाव सर्वांना ठाऊक असते आणि दुसऱ्याचे क्वचितच कोणाला.

हे आश्चर्याचे आहे, कारण हे शास्त्र भारतात प्रथम रुजले ते महाराष्ट्रातच. एलिझाबेथ लुंडी या क्वेकर पंथातील अमेरिकन तरुणीने विष्णू निंबकर यांच्याशी विवाह केला, १९३० साली त्या भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. वयाची चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले आणि परत येऊन १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात हे शास्त्र शिकविणारी शाळा काढली. ती भारतातीलच काय, आशियातील पहिली शाळा समजली जाते. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी व्यवसायोपचाराचा जो जागतिक महासंघ स्थापन झाला, त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण सुरू झाले. १९७९ साली कमलाबाईंचे निधन झाले. मोहोळहून पंढरपूर, माळशिरस, नातेपुते करत गेले की फलटण लागते. तेथे त्यांच्या नावाचे 'कमला निंबकर बालभवन' आहे. शिक्षणक्षेत्रातील माणसे ती शाळा ओळखतात, पण या कमला निंबकर कोण, हे आपल्या जिल्ह्यात विचारले तर दहांत एकालाही सांगता येईल असे मला वाटत नाही.

तज्ज्ञ प्रथम काय करतो? तो मोजतो. बँकेत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण मला हा भाग विशेष आवडला. बार्थेल निर्देशांक नावाची एक मोजणी १९६५ पासून जगभर वापरात आहे. तिच्यात दहा बाबी आहेत: जेवण, आंघोळ, दाढी-वेणीफणी, कपडे घालणे, शौचावरील ताबा, लघवीवरील ताबा, शौचालयाचा वापर, पलंगावरून खुर्चीवर जाणे, चालणे आणि जिना चढणे. एकूण गुण १००. स्वतःच्या हाताने जेवला तर १० गुण, थोडी मदत लागली तर ५, भरवावे लागले तर शून्य. पलंगावरून खुर्चीवर स्वतः बसता आले तर तब्बल १५. घरच्यांना 'काहीच फरक नाही' असे वाटत असते, तेव्हा तीस गुणांचा माणूस पंचावन्नवर आलेला असतो. 'बरा झाला का?' या एकाच प्रश्नाचे दहा प्रश्न झाले, की कोठे लक्ष द्यायचे ते कळते.

मोजून झाले की तज्ज्ञ रुग्णाला विचारतो, तुम्हाला सर्वांत आधी काय करता यायला हवे? आमच्या नात्यातील एका आत्याबाईंना हा प्रश्न पुण्याच्या एका रुग्णालयात विचारला गेला. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केलेली बाई. उजवा हात गेलेला, बोलणे अडखळत. सून म्हणाली, त्यांना बाथरूमला जाता आले पाहिजे. मुलगा म्हणाला, चालता आले पाहिजे. आत्याबाईंनी डाव्या हाताने काडी ओढल्याची खूण केली. त्यांना सकाळी बुद्धरूपासमोर मेणबत्ती स्वतः लावायची होती. तेव्हा त्या तज्ज्ञ मुलीने तेथूनच सुरुवात केली. लाकडाच्या फळीला खाच पाडून काडेपेटी घट्ट बसवली, म्हणजे एका हाताने काडी ओढता येते. उजवा हात फळीवर टेकवून ठेवायचा, म्हणजे त्याच्यावर भार पडतो आणि फळी हलत नाही. मेणबत्ती लावायला उभे राहावे लागते, म्हणून उभे राहण्याचा सराव. कोनाड्यापर्यंत पाच-सहा पावले जावे लागते, म्हणून चालण्याचा. बाथरूम आणि चालणे, सुनेचे आणि मुलाचे दोन्ही त्यातच आले.

पाचव्या महिन्यात त्या आपले आपण जेवू लागल्या, शौचाला जाऊन येऊ लागल्या. सूनबाई त्यानंतर पुन्हा रोजगाराला जाऊ लागली. हातावर पोट असलेल्या घरात एक माणूस अंथरुणाला खिळले की दोघांची मजुरी बुडते, त्याची आणि सांभाळणाऱ्याची. म्हणून या उपचाराचा हिशोब करताना दुसरी मजुरीही धरली पाहिजे. खुरपे मात्र आत्याबाईंच्या हातात पुन्हा आले नाही. बोलणेही अर्धेच सुधारले.

आता घरात करण्याजोग्या काही गोष्टी सांगतो. पुढील सूचना सर्वसाधारण आहेत. प्रत्येक रुग्णाची स्थिती वेगळी असते, म्हणून डॉक्टरांना व तज्ज्ञांना विचारूनच त्या अमलात आणाव्यात.

कपडे घालताना आधी लुळा हात बाहीत घालावा, मग चांगला. काढताना याच्या उलट, आधी चांगला हात काढावा. एवढे साधे सूत्र सांभाळले तर निम्मी ओढाताण वाचते. बटणांऐवजी चिकटपट्टी, नाडीऐवजी इलास्टिक लावून घ्यावे. गावातला कोणताही शिंपी हे करून देतो. परकराला इलास्टिक लावले की लघवीला जाताना होणारी कुचंबणा एकदम कमी होते. ही गोष्ट बायका संकोचाने बोलत नाहीत, म्हणून येथे मुद्दाम लिहिली.

जेवणाचे ताट सरकते म्हणून त्याखाली ओला कपडा ठेवावा आणि ताट उभ्या काठाचे घ्यावे. चमच्याच्या दांड्याला सायकलची मूठ बसवली किंवा कापड गुंडाळले की कमजोर पकडीतही तो राहतो. आपली कडक भाकरी एका हाताने मोडत नाही. ती कालवणात कुस्करून द्यायला हरकत नाही, पण घास त्याचा त्याने घ्यावा. सांडेल, कपडे खराब होतील, जेवायला पाऊण तास लागेल. लागू द्यावा. कांदा चिरायला विळी आता नको. पाटाला खालून दोन खिळे ठोकून त्यांच्या टोकांवर कांदा रोवला, की एका हाताने सुरीने चिरता येतो. काम झाले की खिळ्यांवर बूच बसवून ठेवावे. भाकरी थापणाऱ्या बाईला परातीखाली ओले फडके देऊन बसवावे, लुळा हात परातीच्या काठावर आणि थापणे चांगल्या हाताने. पहिल्या भाकरी नकाशासारख्या होतील. चुलीजवळ मात्र सावध असावे, कारण लुळ्या हाताला चटका कळत नाही. आंघोळीचे पाणीसुद्धा चांगल्या हातानेच तपासावे.

झोळ पडलेल्या बाजेवरून उठणे धडधाकट माणसालाही जड जाते. रुग्णाला लाकडी पलंग द्यावा आणि त्याची उंची अशी असावी की काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. आंघोळ प्लॅस्टिकच्या चार पायांच्या मजबूत खुर्चीवर बसून. ओली शहाबादी फरशी फार निसरडी होते, तेव्हा तेथे खरखरीत पायपुसणे अंथरून पाण्याच्या पाइपाचा तुकडा आडवा पक्का बसवून घ्यावा, म्हणजे धरायला आधार होतो. उकिडवे बसण्याच्या संडासावर ठेवायची मध्ये भोक असलेली खुर्ची बाजारात मिळते. काठी चांगल्या हातात धरायची असते. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी.

दोन गोष्टींबाबत मात्र हयगय नको. रुग्णाला उठवताना लुळ्या हाताला किंवा बगलेत धरून ओढू नये. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा निसटतो आणि मग दुखणे महिनोन्महिने जात नाही. दुसरे असे की झोपलेल्या अवस्थेत चमच्याने पाणी किंवा दूध पाजू नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असेल तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. सरळ बसवून, थोडे थोडे द्यावे, आणि ठसका लागत असेल तर थांबून डॉक्टरांना दाखवावे.

काही दोष डोळ्यांना दिसत नाहीत व त्यांचा उलगडा न झाल्याने घरात भांडणे होतात. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेला रुग्ण कधी कधी ताटातला उजव्या बाजूचाच अर्धा भाग खातो, अर्धीच दाढी करतो, डावीकडून कोणी बोलले तर ओ देत नाही. घरच्यांना वाटते, मुद्दाम करतो. प्रत्यक्षात जगाची डावी बाजूच त्याच्या मेंदूच्या हिशोबातून गेलेली असते. अशा वेळी 'डावीकडे बघा' अशी आठवण करून देत, हळूहळू त्याच बाजूला बसून बोलावे. याउलट डाव्या भागाला इजा झाली तर वाचा जाते. तेथे एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट दिसते. ज्या माणसाला 'पाणी' हा शब्द काढता येत नाही, तोच त्रिसरण-पंचशील सुरू झाले की सर्वांबरोबर बरेचसे म्हणून जातो. लोक म्हणतात, 'बघा, बोलता येतंय की, सोंग करतोय!' हे सोंग नाही. पाठ झालेले, लयीत म्हटलेले शब्द आणि विचार करून जुळवलेले वाक्य यांच्या वाटा मेंदूत बऱ्याच वेगळ्या आहेत. आपल्या विहारात अशा उपासकाला वंदनेला आवर्जून आणावे, म्हणजे निदान तेवढा वेळ तरी तो सर्वांबरोबर बोलतो. विनाकारण रडू किंवा हसू येणे, उदासी, चिडचिड हीदेखील या आजाराची अंगे आहेत आणि त्यांवरही उपचार आहेत.

आजाऱ्याच्या सेवेविषयी विनयपिटकाच्या महावग्गातील प्रसंग आपणा सर्वांना परिचित आहे. अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते, तेव्हा भगवंतांनी आनंदासह स्वतः त्याला पाणी घालून धुतले आणि उचलून मंचकावर ठेवले. प्रवचनात हा प्रसंग येथेच संपवला जातो. मूळ ग्रंथात मात्र त्यापुढे फार व्यवहारी भाग आहे. कोणत्या रुग्णाची सेवा करणे सोपे आणि कोणाची अवघड, हे तेथे पाच-पाच गुणांनी सांगितले आहे. हितकर ते करणारा, प्रमाण जाणणारा, औषध घेणारा, दुखणे आहे तसे सांगणारा आणि वेदना सोसणारा रुग्ण, असे ते पाच गुण. सेवेकऱ्यानेही रुग्णाला अपायकारक काय ते ओळखून दूर ठेवावे, मलमूत्राची किळस करू नये, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी आणि धम्मचर्चेने त्याचे मन उभारावे, अशी अपेक्षा आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत रुग्णाकडेही काम दिलेले आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. तो नुसता सेवा घेणारा नाही. आमच्या घरांतून रुग्णाचे हे काम काढून घेतले जाते आणि जी माया अपायकारक आहे तिलाच सेवा समजले जाते. सासऱ्याच्या तोंडात घास घालणारी सून सर्वांना चांगली दिसते. 'मामा, चमचा धरा, मी येथेच बसले आहे' असे म्हणणाऱ्या सुनेला शेजारणी नावे ठेवतात. माझ्या मते दुसरीला अधिक धीर लागतो.

हा उपचार मिळतो कोठे? मुंबईत के.ई.एम., शीव व नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत, हाजीअली येथील केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्यवसायोपचाराचे विभाग आहेत. रोज तेथे जाणे आपल्या भागातील माणसाला शक्य नाही. त्यामुळे सोलापूरला किंवा पुण्याला दाखल असतानाच, घरी सोडण्यापूर्वी, 'व्यवसायोपचार तज्ज्ञ आहेत का, नसल्यास कोणाकडे पाठवाल' हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. एक-दोन भेटींत घरचा कार्यक्रम लिहून घेता येतो. जो माणूस रोज रुग्णाजवळ राहणार आहे त्यानेच तो शिकून यावा.

विद्यार्थ्यांनी या विषयाकडे वेगळ्या नजरेने पाहावे. वैद्यकीय प्रवेश म्हटले की एम.बी.बी.एस. एवढेच आपल्या मुलांना दिसते आणि ते हुकले की विज्ञान शाखाच सोडून देतात. व्यवसायोपचाराची पदवीही बारावी विज्ञाननंतर नीट परीक्षेच्या गुणांवर मिळते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणले आहे. मोहोळ तालुक्यातील एखाद्या मुलीने हे शिक्षण घेतले, तर तिला कामाची वाण पडणार नाही.

शेवटी माझ्या टेबलावरचा विषय. उजवा हात गेला की सही जाते आणि सही गेली की खात्यातले स्वतःचे पैसे अडकतात, अशी अनेकांची समजूत असते. तसे नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी खातेदाराला सही करता येत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. त्याला बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. ठसाही देता येत नसेल तर एखादी खूण चालते, तिलाही असेच दोन साक्षीदार. पैसे कोणी न्यायचे हे खातेदाराने सांगायचे आणि त्या माणसाने आपली सही द्यायची. सत्तरीपुढील व अपंग खातेदारांना काही मूलभूत सेवा घरपोच देण्याविषयीही २०१७ पासून सूचना आहेत. पेन्शनरांचा हयातीचा दाखला घरी बसून देण्याची सोय आहे. अपंगत्वाचा दाखला मात्र पक्षाघातानंतर सहसा सहा महिने झाल्यावर, स्थिती स्थिरावल्यानंतर मिळतो. तोवर कागदपत्रांची फाईल नीट जपून ठेवावी.

आणि अंगठ्यावरच थांबायचे कारण नाही. डाव्या हाताने सहीचा सराव हा उत्तम व्यवसायोपचार आहे. चार रेघी वही आणावी, जाड पेन घ्यावे, कागद सरकू नये म्हणून वर लुळा हात ठेवावा. दोन-तीन महिन्यांत ती सही एकसारखी येऊ लागली, की खातेदाराने शाखेत येऊन ओळखपत्र दाखवावे व नव्या सहीचा नमुना नोंदवून घ्यावा. त्याचा फॉर्म काउंटरवर मिळतो.